आजीच्या दाराला कोणतं कुलूप?

एम्बेडेड सिस्टिम शिकवताना उदाहरण ठरलेलं असतं, ट्रॅफिक सिग्नल नाहीतर लिफ्ट. मी आज उदाहरण घेतेय दाराचं. आणि तेही कुठल्या टॉवरमधल्या फ्लॅटचं नाही, तर आपट्याच्या कौलारू घराचं. आपटा हे पनवेल तालुक्यातलं, पाताळगंगेच्या काठचं गाव. पनवेल-रोहा लाइनवर स्टेशन आहे आणि 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चा (१९९५) तो शेवटचा ट्रेनचा सीन तिथेच शूट झालाय. (हॉस्टेलवर हे सांगितलं की आमच्या गावाचा भाव एकदम वधारतो!)

तिथे माझी आजी एकटी राहते. वय ७८. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीत पाय घसरून पडली. फोन बाहेरच्या खोलीत आणि दाराला आतून कडी. शेजारच्या काकांनी हाका ऐकल्या, पण आत यायला त्यांना पडवीवर चढून कौलं काढावी लागली. पाऊण तास गेला त्यात. सुदैवाने मनगटाच्या फ्रॅक्चरवर निभावलं. त्यानंतर घरात ठरलं, स्मार्ट लॉक बसवायचं, आणि "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग तूच बघ" म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

दुकानात गेलात तर पहिल्यांदा सांगतात ते कुलूप किती तऱ्हांनी उघडतं. बोट, आकडे, कार्ड, मोबाईल, किल्ली. "फाइव्ह इन वन, मॅडम!" माझ्या मते पहिला प्रश्न उलटा विचारायला हवा. हे बिघडलं, सेल संपले, नेट गेलं, तर ते कसं वागतं? उघडं राहतं की बंद? आणि अशा वेळी आतलं माणूस बाहेर कसं येणार आणि बाहेरचं आत कसं जाणार?

याचं सगळ्यात छान उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि तेही घरांना दारं नसण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (तेव्हाचा अहमदनगर) शनिशिंगणापुरात २०११ च्या जानेवारीत युको बँकेने 'कुलूप नसलेली शाखा' उघडली. गावाच्या श्रद्धेचा मान राखून काचेचा दरवाजा लावला. पण बँक ती बँक! त्या दरवाजाला सहज नजरेस न येणारं, रिमोटवर चालणारं इलेक्ट्रोमॅग्नेटिक कुलूप होतं. या जातीच्या कुलपात चौकटीवर विद्युतचुंबक असतो आणि दारावर लोखंडी पट्टी. करंट चालू असेपर्यंत चुंबक पट्टी धरून ठेवतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या एका मापाची पकड २७० किलोच्या आसपास असते, म्हणजे खांदा मारून दार उघडत नाही. पण करंट गेला की पकड शून्य. याला फेल-सेफ म्हणतात. आग लागली तर माणसं अडकत नाहीत, म्हणून ऑफिसांत हे चालतं. आपट्याला मात्र पावसाळ्यात लाइट जाणं ही बातमीच नाही. तिथे हे लावलं तर वीज गेली की घर सताड उघडं, नाहीतर बॅटरी बॅकअप सांभाळत बसा.

घराला लावायची कुलपं बहुतेक दुसऱ्या जातीची, फेल-सिक्युअर. आत छोटी मोटर असते, ती बोल्ट सरकवते आणि गप्प बसते. सेल संपले तर बोल्ट जिथे असेल तिथेच राहतो. आतून मात्र हँडल किंवा मूठ फिरवली की, वीज असो नसो, ते उघडलंच पाहिजे. ही एक अट मी अजिबात सोडली नाही.

आता खरी गंमत दाराची. ॲपमध्ये कुठेच न दिसणारा भाग हाच. कॅटलॉगमधली बहुतेक कुलपं एका फळीच्या, ३५ ते ५५ मिलिमीटर जाडीच्या दारासाठी असतात आणि ती दाराच्या पोटात खाचा पाडून बसवतात. आजीचं दार जुनं सागवानी, दोन फळ्यांचं. त्याला कडी-कोयंडा आणि आतून अडसर. (माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे 'अडसर' म्हणजे रस्त्यातला अडथळा एवढंच मला ठाऊक होतं. खरा लाकडी अडसर हातात घेतल्यावर कळलं की आधी तो दाराचा!) दोन फळ्यांच्या दाराला एक फळी वर-खाली टॉवर बोल्टने पक्की करावी लागते, म्हणजे ती चौकटीचं काम करते. मग दुसऱ्या फळीवर आतल्या बाजूने स्क्रूने बसणारं रिम लॉक चालतं. खाच पाडायची नाही, म्हणून लाकूड कमकुवत होत नाही.

शिवाय पाऊस. लाकूड दमट हवेत फुगतं आणि जुलैत दार चौकटीला घासायला लागतं. आपण काय करतो? खांद्याने दार दाबतो आणि कडी सरकवतो. मोटरला खांदा नसतो! बोल्ट जरा जरी अडला तरी मोटर जास्त करंट ओढते, दोन-तीनदा प्रयत्न करते आणि बीप-बीप करून हार मानते. म्हणून आम्ही आधी सुतार बोलावला. दाराला रंधा मारून घेतला, बिजागऱ्या कसून घेतल्या. त्या ३००-४०० रुपयांच्या फटीवर काही हजारांचं कुलूप अवलंबून असतं, हे दुकानात कुणी सांगत नाही.

सेलचा हिशोब करून बघा, सोपा आहे. साधारण चार पेन्सिल सेल लागतात. ते सिरीजमध्ये असतात, म्हणजे व्होल्टेज ६, पण क्षमता एकाच सेलची, धरा २५०० मिलिअँपिअर-तास. नुसतं ब्लूटूथ असलेलं कुलूप झोपेत सरासरी ०.०५ मिलिअँपिअर खातं असं धरलं, तर ५०,००० तास. म्हणजे मोटरचा खर्च वजा करूनही महिनोन् महिने आरामात. वायफाय सतत जागं ठेवलं आणि सरासरी १ मिलिअँपिअर गेला, तर २५०० तास. साडेतीन महिन्यांत खेळ खलास! रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, चार मिळून ४.८ च होतात, म्हणून बरीच कुलपं पहिल्या दिवसापासूनच 'सेल संपत आले' म्हणून ओरडतात. बाहेरच्या बाजूला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायला दोन टिकल्या, किंवा टाइप-सी चार्जर लावायची जागा आहे ना, हे नक्की बघा.

बोटाच्या ठशाचं म्हणाल, तर आजीचं बोट रेशनच्या मशीनवरसुद्धा चार वेळा दाबावं लागतं. वय, भांडी आणि वर्षानुवर्षांची माती, यांनी रेषा झिजल्यात. ओल्या बोटाला तर सेन्सर ओळखच देत नाही. तेव्हा आकडे बरे. चार आकड्यांचे १०,००० कोड होतात. ३ सेकंदांना एक या वेगाने ८ तास २० मिनिटांत सगळे संपतात, म्हणजे चोराची एक रात्र. सहा आकडे घेतले आणि पाच चुकांनंतर कुलूप ५ मिनिटं बंद राहत असेल, तर सगळे कोड तपासायला जवळजवळ दोन वर्षं लागतात. अजून एक. कीपॅडवर बोटांचे डाग राहतात. चार वेगळ्या आकड्यांवर डाग दिसले, तर चार आकडी कोडच्या शक्यता उरतात २४. पण एक आकडा दोनदा वापरला असेल, तर डाग तीनच दिसतात आणि शक्यता होतात ३६! मॅथ्सच्या मॅडमना हे आवडेल.

इंटरनेटवरून उघडणारं कुलूप आम्ही मुद्दाम टाळलं. २०१६ साली डेफ कॉन परिषदेत दोन संशोधकांनी १६ ब्लूटूथ कुलपं तपासली, त्यातली १२ उघडली. काहींचा पासवर्ड तर हवेतून उघडावागडाच जात होता. २०१७ मध्ये अमेरिकेत लॉकस्टेट कंपनीने नेटवरून चुकीचं अपडेट पाठवलं आणि सुमारे ५०० घरांचे कीपॅड ठप्प झाले. त्या लोकांना वाचवलं कुणी? साध्या लोखंडी किल्लीने. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपं करायला घेतली, तेव्हापासूनची ही किल्ली अजून रिटायर झालेली नाही.

पण आजीसाठी निर्णायक ठरला तो एक लहानसा मुद्दा, प्रायव्हसी मोड. रात्री आतून बटण दाबलं की बाहेरचे सगळे कोड बंद. ऐकायला छान वाटतं, पण ही तीच जुनी कडी, फक्त इलेक्ट्रॉनिक! आजी पुन्हा पडली तर पुन्हा कौलंच काढायची का? तेव्हा हा मोड चालू असतानाही मुख्य कोड किंवा किल्ली चालते का, हे दुकानात उभं राहून करून बघायचं. एका मॉडेलवर चालली नाही. दुसऱ्यावर चालली, तेच घेतलं. अडसर आणि कडी काढायला आजी दोन दिवस तयार नव्हती. "कडी नाही तर मला झोप लागायची नाही," म्हणाली. शेवटी रात्री बोल्ट सरकल्याचा आवाज तिने स्वतः तीन-चारदा ऐकला, मग मानलं.

नोंदींवरून मात्र वाद झाला. दार कधी उघडलं याचा हिशोब कुलूप ठेवतं. आपट्यात एक गेटवे बसवला, तर तो हिशोब बाबांच्या मोबाईलवर खारघरला पोचू शकतो. बाबांना ते हवं होतं. आजीने विचारलं, "म्हणजे मी भाजीला गेले की तुझ्या बाबाला शिट्टी वाजणार होय?" मला तिचं पटलं. गेटवे घेतला नाही. एक कोड शेजारच्या काकूंना दिलाय, एक किल्ली आमच्याकडे पनवेलला आहे आणि सेल बदलायचे दिवस ठरलेत, दसरा आणि होळी. तेव्हा आम्ही सगळे तिकडे असतोच.