संगणकशास्त्राचा पाया : अकरावीचे गणित



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीतील पालक हमखास विचारतात, "मुलीला कॉम्प्युटरला घालायचे आहे. आधी कोणता कोर्स लावावा? घरी संगणक घ्यावा काय?" संगणक मिळाला तर चांगलेच, पण तो नाही म्हणून कोणाचे अडत नाही. अडते ते गणित कच्चे राहिल्यामुळे.

असे का होते? बारावीच्या टक्केवारीत अकरावीचे गुण धरले जात नाहीत. प्रवेशासाठीच्या सीईटीत गेली काही वर्षे अकरावीच्या भागाला सुमारे २० टक्केच वाटा आहे. त्यामुळे अकरावीचे वर्ष 'विश्रांतीचे' समजून वाया घालवले जाते. परंतु संच व संबंध, फंक्शन, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, इंडक्शन आणि संभाव्यता हे धडे राज्य मंडळाच्या २०१९ च्या पुस्तकात अकरावीलाच आहेत. पदवीला 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स' हा विषय येतो, तो याच धड्यांवर उभा असतो. तेथे पाया नसेल तर विषय मागे राहतो, आणि मागे राहिलेला विषय फी व शिष्यवृत्ती दोन्हींचा घोर लावतो. म्हणून पुढील तीन गोष्टी आतापासून समजून घ्या.

१) तर्क : बारावीच्या गणिताचा पहिलाच धडा तर्काचा आहे. सोपा म्हणून तो पाठ करून सोडू नका. आपल्या परंपरेतील आचार्य दिङ्‌नाग व धर्मकीर्ती यांच्या न्यायग्रंथांत चर्चिलेले उदाहरण घ्या. जेथे धूर आहे तेथे अग्नी आहे. यावरून 'जेथे अग्नी नाही तेथे धूर नाही' हे निश्चित निघते. पण 'जेथे अग्नी आहे तेथे धूर आहे' हे निघत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात धूर कोठे असतो? प्रोग्रॅममधील पुष्कळ चुका या उलट्या विधानाच्या असतात.

दुसरे उदाहरण. 'उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला असेल तर अर्ज स्वीकारा.' मग नाकारायचा केव्हा? घाईत आपण म्हणतो, दोन्ही नसतील तेव्हा. बरोबर उत्तर, दोहोंपैकी एक जरी नसेल तेव्हा. 'आणि'चा नकार केला की 'किंवा' येतो. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्याच देशात, मदुराई येथे जन्मले होते.

२) मोजणी : वर्गात ४० विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हस्तांदोलन केले तर किती हस्तांदोलने होतील? ४० गुणिले ३९, भागिले २, म्हणजे ७८०. विद्यार्थी ८० झाले तर ३,१६० होतात. संख्या दुप्पट, काम मात्र चौपटीहून थोडे अधिक. यादीतील प्रत्येक नाव दुसऱ्या प्रत्येक नावाशी ताडून पाहणारा प्रोग्रॅम असाच मंदावतो. नावे १,००० असली तर ४,९९,५०० वेळा ताडणी होते. हे सूत्र कोणत्याही संख्येला लागू पडते याची खात्री इंडक्शनने होते.

३) लॉगरिदम : दहा लाख नावांची अकारविल्हे यादी आहे. मधले नाव पाहा. हवे ते नाव त्याच्या आधी की नंतर, हे ठरवून अर्धी यादी सोडून द्या. पुन्हा तसेच करा. जास्तीत जास्त २० वेळा पाहून नाव सापडते किंवा ते यादीत नाही हे कळते. कारण २ हा अंक २० वेळा घेऊन गुणाकार केला तर १०,४८,५७६ येतात. पाठ केलेल्या लॉगरिदमचा खरा उपयोग हा आहे.

अभ्यास कसा करावा? रोज एक तास, पण नियमाने. उत्तर आले की थांबू नका. ते का आले हे वहीत दोन ओळींत मराठीत लिहा. मराठी माध्यमातून आलेल्यांनी 'संच म्हणजे सेट, संभाव्यता म्हणजे प्रोबॅबिलिटी' अशी शब्दांची वेगळी वही ठेवावी. अडचण बहुधा गणिताची नसते, शब्दाची असते. सीईटीच्या युक्त्या अवश्य शिका, पण सिद्धता समजल्यानंतर. पुस्तके विकत घेणे शक्य नसेल तर ती बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांचे पदवीचे पहिले वर्ष चुकते. त्यांनी त्या वर्षाचे गणित प्रवेशापूर्वीच्या सुट्टीत स्वतः करावे.

ज्येष्ठ विद्यार्थ्यांना व सभासदांना एक विनंती. रविवारी वंदनेनंतर विहारात फळा लावून दोन तास अकरावीचे गणित घ्या. यासाठी देणगी लागत नाही, फक्त वेळ लागतो.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि उच्च शिक्षणाचे दार आपल्यासाठी उघडले. त्या दारातून आत जाणे हे अर्धे काम झाले. पदवी हातात घेऊन बाहेर येणे हे उरलेले अर्धे, आणि त्याची तयारी अकरावीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते.

जय भीम! नमो बुद्धाय!