विज्ञानाच्या मुलीने कोणता ‘ओ.ई.’ घ्यावा?

प्रश्न : मुलगी कळंबला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणून कला शाखेतला कोणता विषय घ्यावा? सोपा बघून घेतला तर चालेल का?
– एक पालक, जि. धाराशिव

उत्तर : नव्या शैक्षणिक धोरणाच्या राज्य आराखड्यात पदवीच्या तीन वर्षांत ‘ओ.ई.’ला १० ते १२ श्रेयांक आहेत आणि तो मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. थिअरीच्या एका श्रेयांकाला साधारण १५ तास. म्हणजे दोन श्रेयांकांचा विषय ३० तासांचा. आवड नसेल तर हे तास सरता सरत नाहीत.

इतिहासाचा विचार जरूर व्हावा. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात आलेले तगर म्हणजे याच जिल्ह्यातले तेर. तिथल्या लामतुरे संग्रहालयातली मृण्मये, मणी आणि हस्तिदंती वस्तू पाहताना रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलीला भाजलेल्या मातीविषयीही प्रश्न पडतील. नळदुर्गच्या बंधाऱ्यात बांधलेला पाणीमहाल भौतिकशास्त्रवाल्यांना खुणावणारा.

स्पर्धा परीक्षेचा विचार असेल, तर राज्यशास्त्र उपयोगी.

विद्यापीठाची यादी लांबलचक असते, पण महाविद्यालयात शिकवणारे प्राध्यापक कोणत्या विषयाचे आहेत, ते आधी विचारावे. भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, भाषा यांचे रकाने वेगळे, ते ‘ओ.ई.’त धरू नयेत. अर्ज भरण्यापूर्वी विषयाचा कोड, विद्याशाखा आणि श्रेयांक विभागात तपासून घ्यावेत.