सुपारीचा रंग आणि काकूंची वही

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या अलिबागच्या किनाऱ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी नागावच्या वाड्यांत माड-पोफळी आडव्या पडलेल्या होत्या आणि अंगणात हिरव्या, कोवळ्या सुपारीचा खच होता. ती कोणी विकत घेणार नव्हतं. शेजारच्या काकू क्रोशाचं काम करतात, मी सुयांवर विणते. काकूंनी घमेलंभर सुपारी माझ्या ओटीवर आणून ठेवली. "अगं, कोवळी सुपारी चिरली तर हाताचे डाग आठ-आठ दिवस जात नाहीत. मग लोकर का नाही रंगणार?" तेव्हापासून आम्ही दोघी मागच्या पडवीत चूल मांडतो. त्यातून हाती लागलेलं हे थोडं.

१. आधी धागा जाळून बघा. दुकानात 'लोकर' म्हणून मिळते त्यातली बरीचशी ॲक्रिलिक असते आणि झाडापाल्याचा रंग ती धरत नाही. आमच्या पहिल्या चार लड्या दोन तास उकळून तशाच पांढऱ्या निघाल्या. टोकाचा तुकडा जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली गेली, तर ती खरी लोकर. वितळून कडक मणी झाला, तर नाही.

२. अलिबागचा पांढरा कांदा खायला ठेवा. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आम्हाला अभिमान आहेच. पण रंगाच्या कामी त्याच्या साली निरुपयोगी. कांद्याचा सोनेरी रंग लाल-पिवळ्या सालीत असतो. आम्ही भाजीवाल्याच्या टोपलीतला तळाचा पाचोळा मागून आणतो.

३. पाणी हाही रंगच आहे. उन्हाळ्यात आमची विहीर मचूळ होते, साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यात मंजिष्ठा छान लाल उतरते, कारण तिला पाण्यातला चुना मानवतो. झेंडूचा पिवळा मात्र आमच्याकडे मळकट आला. म्हणून जुलैमध्ये पागोळ्यांखाली पिंपं लावतो. पहिल्या दोन-चार सरी कौलं धुऊन जाऊ द्यायच्या, मग भरायचं.

४. सुपारीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ती आमची आहे. अर्धा किलो कोवळी सुपारी सालीसकट चिरून रात्रभर भिजवायची, सकाळी तासभर उकळून गाळायची. शंभर ग्रॅम लोकर आधी बारा ग्रॅम तुरटीच्या पाण्यात तापवून ठेवलेली असावी. ती ओलीच या काढ्यात सोडायची, मंद आचेवर तासभर, आणि रात्रभर त्यातच निवू द्यायची. सकाळी गुलाबीकडे झुकणारा तपकिरी रंग येतो. सुती दोऱ्याला एरवी आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवावं लागतं, नाहीतर तुरटी त्याला नीट धरत नाही. सुपारीत तो तुरटपणा अंगचाच असल्यामुळे काकूंचा क्रोशाचा दोराही त्याच पातेल्यात रंगला. चिमूटभर हिराकस घातलं की तोच रंग राखाडी होतो. चिमूटभरच, कारण लोखंडाने लोकर खरखरीत होते आणि पुढे तुटते. कर्नाटकात लाल सुपारी करण्यासाठी कोवळी सुपारी उकळल्यावर उरणाऱ्या काढ्याला 'चोगरु' म्हणतात, तोही रंगाला वापरतात. आपल्याकडे हे पाणी ओतून देतात, याचं मला वाईट वाटतं. भांडी मात्र वेगळी ठेवा. त्यात पुन्हा स्वयंपाक करू नका, हातमोजे घाला.

५. हळद आणि आमसूल डोळ्यांना फसवतात. पातेल्यातून काढताना दोन्ही इतके सुंदर दिसतात की काकूंनी नातवासाठी हळदीचं टोपडं विणलं. महिन्याभराच्या उन्हात ते फिकं पडलं. आमसुलाचा लाल तर पहिल्या धुण्यालाच गेला. आता प्रत्येक रंगाचे चार धागे पुठ्ठ्याला गुंडाळतो, अर्धे झाकून खिडकीत पंधरा दिवस ठेवतो. त्यात जो टिकेल तोच दुसऱ्याला द्यायचा. भेट दिलेल्या वस्तूचा रंग उडाला तर घेणाऱ्याला आपलंच काही चुकलं असं वाटतं, आणि ते आम्हाला नको आहे.

६. लोकरीला दचकवू नका. गरम पाण्यातून काढून थंड पाण्यात टाकली, वर चोळली, की तिचा नमदा होतो आणि तो परत सुटत नाही. रिठ्याच्या कोमट पाण्यात हलकेच बुडवा, पिळू नका, पंच्यात गुंडाळून दाबा. श्रावणात रंगवूच नका. चार दिवस वाळत नाही, कुबट वास धरते.

७. दोघी असाल तर एकीने चूल सांभाळावी, एकीने वही. आमची वही काकूंकडे आहे. तारीख, वजन, कोणतं पाणी, किती तुरटी, आणि शेजारी धाग्याचा तुकडा टाचणीने लावलेला. पहिल्या पावसाळ्यात मी लिहून ठेवलं नाही, त्यामुळे तेव्हा मिळालेला एक सुंदर जांभळट राखाडी रंग पुन्हा कधीच जमला नाही.

वहीच्या पहिल्या पानावर वादळातल्या सुपारीचा धागा आहे. त्याच लड्यांची शाल काकू डिसेंबरच्या पहाटे अजून पांघरतात. लोकर तेव्हा गुलाबी होती, आता विटकरी झाली आहे.