दोन नगरांमधील अंतर व वेळ

वर्गात आम्ही एकदा सहज विचारले, "कराची मुंबईहून किती दूर आहे?" एका मुलाने उलट विचारले, "गुरुजी, मैल सांगू की तास?" गुरुजींच्या प्रश्नास प्रश्नानेच उत्तर देण्याची वर्गात रीत नाही, परंतु हा प्रश्न आम्हांस फार आवडला. त्याचाच विचार येथे करू.

पृथ्वीच्या गोलावर या दोन नगरांमध्ये एक दोरा ताणून धरला, तर जो मार्ग मिळतो तो सर्वांत जवळचा होय. त्याची लांबी सुमारे ८७० किलोमीटर भरते. हे अंतर बदलत नाही. वेळ मात्र बदलते. ती कशी, हे एका खऱ्या प्रवासावरून पाहू.

ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा हे सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीहून निघाले. विमान 'पस् मॉथ' नावाचे, एका इंजिनाचे व लहानसे. आत टपालाची पोती. वाटेत पेट्रोल घेण्यासाठी ते अहमदाबादेस उतरले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते! दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते मुंबईस जुहूच्या मैदानावर पोहोचले. म्हणजे एकंदर सव्वासात तास लागले.

आता सरासरी वेग काढा. पुष्कळ विद्यार्थी ८७० ला सव्वासातने भागतात व ताशी १२० किलोमीटर असे उत्तर देतात. ते चुकीचे आहे. विमान अहमदाबादेवरून गेले, म्हणून खरा मार्ग सुमारे १,०३० किलोमीटरांचा झाला व सरासरी ताशी १४२ आली. त्यातही जमिनीवर थांबलेला वेळ धरला आहे. म्हणून आकाशातील वेग याहून अधिक असला पाहिजे.

ताशी ८०० किलोमीटर जाणाऱ्या आजच्या विमानास हेच अंतर तोडण्यास, चढण्याउतरण्याचा वेळ धरून, सुमारे दीड तास पुरेल. येथे आणखी एक खबरदारी घ्यावी. आज कराचीचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या अर्धा तास मागे असते. विमान तेथील ९ वाजता निघून येथील ११ वाजता पोहोचले, तर प्रवास दोन तासांचा नव्हे, दीड तासाचाच झाला. वजाबाकी करण्यापूर्वी दोन्ही घड्याळे एक करावीत.

या टपालसेवेशी आपल्या पुण्याचाही संबंध आला होता. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने भरून जाई. तेव्हा विमानांचा मुक्काम पुण्यास हलवीत व ती येरवड्याच्या मैदानावर उतरत.

पुढे १९४७ साली ही दोन नगरे दोन राष्ट्रांत गेली. १९७१ च्या युद्धानंतर तर कित्येक वर्षे त्यांच्यामधील विमानमार्ग बंदच राहिला. अंतर तेच, विमाने पूर्वीपेक्षा कितीतरी वेगवान. तरीही वाट खुंटली! तेव्हा त्या मुलास आमचे उत्तर असे : बाळा, मैलही सांग व तासही सांग, परंतु माणसांची मने किती दूर आहेत, हेही विचारावयास विसरू नकोस. ते अंतर तोडणारे यंत्र अद्याप निघाले नाही. ते काम तुम्हां मुलांनाच करावयाचे आहे.