सोप संदेशावर सही : पीएचपीमधली कृती

पीएचपी ५ बरोबर २००४ साली सोप एक्स्टेंशन आलं. त्याच वर्षी ओएसिस या मानकसंस्थेने सोप संदेशांच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूएस-सिक्युरिटी हे मानक मंजूर केलं. दोघांची गाठ मात्र पडली नाही. सोपक्लायंटला आजही संदेशावर सही करता येत नाही. ती सोय आपणच जोडायची. चेंबूरमधल्या वेसिट किंवा शाह अँड अँकर कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पासाठी हे काम छान आहे. समजा, फी भरल्याची नोंद एका सर्व्हरवरून हिशेबाच्या सर्व्हरकडे पाठवायची आहे. संदेश थेट जाणार असेल, तर ही खटपट करू नका. दोन्ही बाजूंची प्रमाणपत्रं तपासणारं टीएलएस पुरेसं आहे. मध्ये तिसरा सर्व्हर असेल, किंवा नोंद कुणी पाठवली हे नंतर दाखवावं लागणार असेल, तरच हात घाला.

साहित्य : पीएचपी ८, त्यात सोप, डॉम आणि ओपनएसएसएल, कंपोझरने घेतलेली एक्सएमएलसेकलिब्स ही लायब्ररी, २०४८ बिटांची आरएसए किल्ली आणि प्रमाणपत्र. सरावाला घरचं प्रमाणपत्र चालेल. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडच्या (सीए) यूएसबी टोकनवर मात्र बेत आखू नका, त्यातली खासगी किल्ली बाहेर काढता येत नाही. आपली खासगी किल्ली वेब फोल्डरच्या बाहेर ठेवा.

कृती : सोपक्लायंटचा वारस क्लास लिहा आणि त्यातलं डू-रिक्वेस्ट फंक्शन स्वतःचं करा. निघालेला एक्सएमएल तिथे हातात येतो. तो डॉममध्ये घ्या, हेडरमध्ये सिक्युरिटी हा घटक टाका आणि त्यात वेळेची नोंद करा : कधी तयार झाला, कधी बाद होणार. पाच मिनिटांची मुदत पुष्कळ झाली. वेळ जीएमडेट वापरून यूटीसीमध्येच लिहा. मुंबईची वेळ लिहून पुढे झेड लावलात, तर संदेश साडेपाच तास भविष्यातून आलेला दिसतो आणि पलीकडचा सर्व्हर तो नाकारतो; आपण मात्र सहीतली चूक शोधत बसतो. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीला जोडलेलं हवंच. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही ते आहे.

आता सही. बॉडी आणि वेळेची नोंद, दोन्हींना आयडी द्या आणि दोन्हींवर सही करा. नुसत्या बॉडीवर केलीत, तर जुन्या संदेशाला नवी वेळ चिकटवून तो पुन्हा पाठवता येतो. एक्सक्लुझिव्ह कॅनोनिकलायझेशन आणि आरएसए-एसएचए-२५६ निवडा. लायब्ररीविना ओपनएसएसएल-साइन वापरत असाल, तर अल्गोरिदम स्पष्ट सांगा. न सांगितल्यास ते एसएचए-१ वर जातं. सहीनंतर एक्सएमएल नीटनेटका करायचा मोह आवरा, बॉडीतली एक जादा जागासुद्धा सही मोडते.

मजकूर लपवायचाच असेल, तर एईएस-२५६-जीसीएम घ्या. सीबीसी या जुन्या पद्धतीवरचा हल्ला २०११ मध्येच दाखवला गेला आहे.

खरं काम घेणाऱ्या बाजूला आहे. 'मस्ट-अंडरस्टँड' लावलेलं हेडर कळलं नाही की सोपसर्व्हर चूक दाखवतो. मग पुष्कळ जण सिक्युरिटी नावाची रिकामी मेथड लिहितात. चूक जाते, तपासणीही राहून जाते. कच्चा संदेश आधी स्वतः तपासा, पार पडला तरच तोच एक्सएमएल सोपसर्व्हरच्या हँडल मेथडकडे द्या. ती मेथड तेव्हा खुशाल रिकामी ठेवा. ओपनएसएसएल-व्हेरिफाय उणे १ सुद्धा परत करतं आणि पीएचपीच्या लेखी तेही खरंच. म्हणून तीन बरोबरचिन्हांनी १ शीच ताडा. संदेशासोबत आलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नका, त्याचा ठसा (फिंगरप्रिंट) आपल्याकडे नोंदवलेल्या ठशाशी जुळवा. सही झालेली बॉडी एन्व्हलपच्या थेट आत आहे आणि एकच आहे, हेही पाहा. नाहीतर खरी बॉडी कोपऱ्यात सरकवून तिच्या जागी खोटी बसवता येते. मुदत संपेपर्यंत प्रत्येक सही साठवा, तीच पुन्हा आली तर संदेश नाकारा.

शेवटी मुद्दाम बिघडवलेले संदेश पाठवा : रकमेतला एक आकडा बदललेला, तोच दोनदा, शिळा, परक्या किल्लीचा, बॉडी हलवलेला, हेडरच नसलेला. एकही आत शिरता कामा नये. बाहेर सगळ्यांना एकच मोघम उत्तर द्या. कारण फक्त लॉगमध्ये लिहा आणि लॉग १८० दिवस ठेवा. प्रमाणपत्र संपण्याच्या काही दिवस आधीपासून जुन्या आणि नव्या अशा दोन्ही ठशांना मुभा द्या, म्हणजे बदलाच्या रात्री फीच्या नोंदी अडकत नाहीत.