नॅशनल पार्क आणि कान्हेरी: एका दिवसाचा खर्च

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, आतली कान्हेरी लेणीही सोमवारी बंद. रविवार टाळता आला तर टाळा. मंगळवार ते शुक्रवार सकाळी साडेसातला गेटवर पोहोचलात, तर अर्धी दगदग तिथेच वाचते.

गाडी घरीच ठेवा, तिचं तिकीट वेगळं पडतं. बोरिवली स्टेशनाच्या पूर्वेकडून गेट चालत पंधरा मिनिटांवर आहे. रिक्षा केलीत तर मीटरनेच जा. किमान भाडं 26 रुपये आहे, सरसकट पन्नास मागणाऱ्याला नको म्हणा. मेट्रो 7 ने येणाऱ्यांनी ‘राष्ट्रीय उद्यान’ स्थानकावर उतरावं.

आता पैशांचं. गेटवरच्या तिकिटात सगळं बघून होतं, हा समज आधी काढून टाका. ते तिकीट वनखात्याचं, फक्त उद्यानात शिरण्याचं. मोठ्या माणसामागे शंभराच्या आसपास धरून निघा. दर वाढत राहतात, म्हणून खिडकीवरचा फलक वाचूनच पैसे द्या. कान्हेरी पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिथे दुसरं तिकीट लागतं: भारतीयांना रोख 25 रुपये, ऑनलाइन 20. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. वाघ-सिंहांची सफारी, नौकाविहार, भाड्याची सायकल आणि वर जाणारी बस, प्रत्येकाचे पैसे निराळे. सायकलीला अनामतही ठेवावी लागते. घेतानाच चेन आणि ब्रेक तपासा, नाहीतर परत करताना वाद होतो.

ओळखपत्र मूळ न्या. परदेशातून आलेले नातेवाईक सोबत असतील तर इकडे नीट लक्ष द्या: परदेशी पर्यटकाला कान्हेरीचं तिकीट 300 रुपये आहे, पण ओसीआय कार्डधारकाला 2021 पासून भारतीयांचाच दर लागू आहे. कार्ड घरी राहिलं तर खिडकीवर वाद घालून उपयोग नाही. साध्या फोटोंना पैसे पडत नाहीत, व्हिडिओ कॅमेऱ्याला 25 रुपये पडतात. वर मोबाइलची रेंज भरवशाची नाही, म्हणून ऑनलाइन तिकीट खालीच उघडून ठेवा आणि सुट्टे पैसे जवळ बाळगा.

क्रम असा ठेवा: आधी कान्हेरी, मग बाकीचं. गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत आणि दुपारी तिथला कातळ तापतो. शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी बघायच्या मागे लागू नका. 3 क्रमांकाचं चैत्यगृह चुकवू नका. त्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे बुद्ध उभे आहेत. 11 क्रमांकाच्या दरबार लेण्यातल्या दगडी बाकांवर घटकाभर बसा. मग वर चढताना पायाखाली बघा: कातळात बोटभर खोल पन्हळी कोरल्या आहेत, त्यांतून पावसाचं पाणी लेण्यालेण्यांपाशी खोदलेल्या पोढ्यांमध्ये, म्हणजे पाण्याच्या टाक्यांमध्ये, उतरतं. मला इथलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं, आणि याला जादा पैसे पडत नाहीत. तीन तास धरा.

खाणं पिशवीत बांधून हातात धरू नका, माकडं ती ओढून नेतात. पाठीवरची चेन बंद होणारी सॅकच न्या. बिबट्या या जंगलात खरोखर आहे. म्हणून मुलांना पुढे पळू देऊ नका आणि पाऊलवाट सोडू नका. शिलोंडाच्या वाटेला जायचं असेल तर निसर्ग माहिती केंद्रातून आधी परवानगी घ्या. आत सोडतो म्हणणाऱ्या कुणाला पैसे देऊ नका. मुलांना वनराणीचं, म्हणजे उद्यानातल्या छोट्या आगगाडीचं, आश्वासन घरून देऊ नका. 2021 च्या तौक्ते वादळात तिचे रूळ खराब झाले आणि ती वर्षानुवर्षं बंद राहिली. गेटवर विचारूनच सांगा.

चार जणांच्या घराला, दोन मुलं लहान असतील तर, सफारी धरून हजारभर रुपये जवळ असू द्या. सफारी पिंजऱ्याच्या बसमधून असते आणि लवकर संपते. पैसे कमी असतील तर तीच गाळा, कान्हेरी नको.

एकदा आईला घेऊन गेलो तेव्हा परतीची बस चुकली. गुडघे धरत तिला उतारावरून चालत आणावं लागलं, अंधार पडायच्या आत गेट गाठायचं म्हणून मध्ये बसूही दिलं नाही. तुम्ही कान्हेरीला बसमधून उतरताच चालकाला विचारून ठेवा: परतीची शेवटची गाडी किती वाजता?