टाकून दिलेल्या सुरांचे काय करावे?

पाठचिकित्सा हा विषय मराठीच्या वर्गात सहसा कंटाळवाणा मानला जातो. तुकोबांचा एकच अभंग दोन वह्यांत दोन तऱ्हांनी का आढळावा, किंवा महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी ४७ वर्षे का वेचावीत, हे प्रश्न परीक्षेपुरते येतात आणि परीक्षेबरोबरच जातात. मला या विषयाची गोडी लागली ती निराळ्याच वाटेने. लिव्हरपूलच्या 'बीटल्स' या चौघा गायक-वादकांनी टाकून दिलेली आणि चोरट्या मार्गाने बाहेर आलेली ध्वनिमुद्रणे मी वही-पेन्सिल घेऊन ऐकू लागलो. कलावंताने स्वतः नाकारलेले ऐकण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, आणि ऐकलेच तर ते कसे ऐकावे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अशा ध्वनिमुद्रणांना 'बूटलेग' म्हणतात. हा शब्द मुळात बुटाच्या नळीत लपवून नेलेल्या दारूवरून आला. मुंबई इलाख्यातील दारूबंदीच्या आठवणी ज्यांच्या घरांतून अजून सांगितल्या जातात, त्यांना 'बूटलेगर' म्हणजे कोण हे समजावून सांगण्याची गरज नाही. रॉक संगीतात हा धंदा उघडपणे सुरू झाला तो १९६९ च्या जुलैत. त्या महिन्यात लॉस एंजेलिस शहरी बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची 'ग्रेट व्हाइट वंडर' ही तबकडी विक्रीस आली. तिचे वेष्टन कोरे पांढरे होते. त्याच सुमारास बीटल्सच्या नव्या, अजून न निघालेल्या तबकडीची एक नमुनाप्रत बाहेर फुटली. अमेरिकेतील काही नभोवाणी केंद्रांनी ती वाजविली, आणि १९६९-७० च्या हिवाळ्यात 'कम बॅक' या नावाने तिची चोरटी तबकडी निघाली. अधिकृत 'लेट इट बी' प्रसिद्ध झाली १९७० च्या मे महिन्यात. म्हणजे चोरटा पाठ आधी आणि अधिकृत पाठ नंतर, असा हा उलटा क्रम होता.

या सामग्रीचे दोन प्रकार ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला प्रकार स्टुडिओतील टाकलेल्या 'टेक'चा. एकच गाणे दहा-वीस वेळा गायले-वाजविले जाते, एक निवडले जाते, बाकीचे फितींवर पडून राहतात. दुसरा प्रकार तालमींचा. १९६९ च्या जानेवारीत चित्रपटाच्या निमित्ताने, आधी ट्विकनहॅमच्या चित्रपट-स्टुडिओत आणि नंतर सॅव्हिल रो येथील त्यांच्या स्वतःच्या तळघरात, बीटल्सची तालीम चालली होती. छायाचित्रणाबरोबर आवाज नोंदविण्यासाठी 'नागरा' नावाची दोन ध्वनिमुद्रण यंत्रे तेथे होती. एक रीळ सुमारे पंधरा-सोळा मिनिटांत संपे. तोवर दुसरे यंत्र चालू असे. त्यामुळे केवळ गाणीच नव्हेत, तर चहापाणी, थट्टा, रुसवेफुगवे आणि मध्येच वाजणारी यंत्राची शिट्टी हे सारे फितीवर उतरले. यांतील पुष्कळ रिळे पुढे चोरीला गेली. बूटलेगवाल्यांनी त्यांवरून दिवसावार संच काढले. एका संचात तर ८३ सीडी आहेत.

पहिल्या प्रकारापासून काय शिकता येते, याचे उत्तम उदाहरण 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' हे गाणे. जॉन लेननने ते १९६६ च्या शरदात, स्पेनमधील आल्मेरिया येथे चित्रपटाच्या कामासाठी गेला असता, रचावयास घेतले. तेथे त्याने गिटारवर केलेली चाचपणी चोरट्या तबकड्यांवर ऐकावयास मिळते. तीत शब्द अडखळतात आणि चाल अजून आपले घर शोधीत असते. २४ नोव्हेंबर १९६६ रोजी लंडनच्या स्टुडिओत पहिला टेक झाला. तो हळुवार आहे आणि त्यात ध्रुवपद आरंभी येत नाही. सातव्या टेकपर्यंत ध्रुवपद आरंभी आले. लेननचे समाधान झाले नाही, म्हणून तेच गाणे अधिक जलद गतीत, तुताऱ्या आणि चेलो यांच्या साथीने पुन्हा बांधले गेले. मग त्याला एकाचा आरंभ आणि दुसऱ्याचा उत्तरार्ध हवासा वाटला! दोहोंची गती वेगळी, पट्टीही वेगळी. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी एका फितीचा वेग किंचित वाढवून व दुसरीचा कमी करून २२ डिसेंबरला ती जोडली. गाणे सुरू झाल्यावर साधारण एका मिनिटाने तो सांधा येतो.

पूर्ण गाणे मी पूर्वी कितीदा तरी ऐकले होते. टाकलेले टेक क्रमाने ऐकल्यावर मात्र एक गोष्ट मनावर ठसली. ज्याला आपण 'प्रतिभेचा झटका' म्हणतो तो येथे महिनाभर चालला होता. कच्चा पाठ ऐकल्याने पक्का पाठ उणा होत नाही, उलट त्यामागचे श्रम कळतात. पाठचिकित्सेचा लाभ याहून वेगळा तो काय?

परंतु याच शास्त्राचा एक इशाराही आहे. सुटा पाठ संदर्भावाचून वाचू नये. 'गेट बॅक' या गाण्याची कथा या दृष्टीने बोलकी आहे. १९६८ साली केनियातून ब्रिटिश पारपत्र घेऊन हजारो आशियाई कुटुंबे, त्यांत बहुसंख्य गुजराती व पंजाबी, इंग्लंडात येऊ लागली. त्यांना रोखण्यासाठी कायदा झाला आणि २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅम येथे ईनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध आपले कुप्रसिद्ध भाषण केले. जानेवारी १९६९ च्या तालमीत पॉल मॅकार्टनी 'परत जा' हे पालुपद घेऊन या वृत्तीची टिंगल करू पाहत होता, आणि त्या कच्च्या ओळींत पाकिस्तानी लोकांचा उल्लेख येत होता. पुढे या ओळी गाळल्या गेल्या. एप्रिलमध्ये निघालेल्या तबकडीत त्यांचा मागमूस नाही. पण चोरट्या तबकडीवर तेवढाच तुकडा ऐकणाऱ्यांनी मॅकार्टनीवर वंशद्वेषाचा आरोप केला. त्याला मुलाखतींतून खुलासा करावा लागला की ते विडंबन होते. सलग फिती ऐकल्या तर त्याच दिवसांतील दुसऱ्या एका उत्स्फूर्त गाण्यात पॉवेल यांचे नाव घेऊन केलेली थट्टा सापडते, आणि शंकेला जागा उरत नाही. आपल्याच शेजारपाजारच्या माणसांविषयीचा हा मजकूर अर्धवट ऐकला तर द्वेषाचा वाटतो, पुरता ऐकला तर द्वेषाविरुद्धचा ठरतो.

संपादकाची निवडही अशीच अर्थ पालटते. १९७० चा सुमारे ८० मिनिटांचा 'लेट इट बी' चित्रपट पाहून जगाने ठरविले की ही फुटणाऱ्या घराची कहाणी आहे. २०२१ साली पीटर जॅक्सन यांनी सुमारे ६० तासांचे चित्रण आणि दीडशे तासांहून अधिक ध्वनिमुद्रण यांतून जवळजवळ आठ तासांची 'गेट बॅक' मालिका सिद्ध केली, आणि त्याच खोलीत भरपूर हशाही होता हे दिसले. गंमत अशी, की १० जानेवारीला जॉर्ज हॅरिसन संच सोडून निघून गेला, ही सर्वांत मोठी घटना 'उदास' चित्रपटात नाही. ती 'आनंदी' मालिकेत आहे!

आता अधिकाराचा प्रश्न. शास्त्रीय संगीताच्या मैफलींच्या खासगी फिती आपल्याकडेही रसिकांच्या हातून हाती जात आल्या आहेत. पण मैफल श्रोत्यांसमोर झालेली असते, तालीम नव्हे. आपल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिकेच्या तालमीत आपण किती चुका करतो, एकमेकांना काय काय बोलतो! त्याची फीत कोणी प्रयोगाआधी कॉलेजभर फिरविली, तर आपल्याला कसे वाटेल? चोरी ती चोरीच. २००३ च्या जानेवारीत पोलिसांनी नेदरलँड्समध्ये जानेवारी १९६९ च्या सुमारे ५०० चोरीच्या फिती हस्तगत केल्या, ते योग्यच झाले.

तरीही मालकाची परवानगी मिळाली की प्रश्न मिटला, असे मला वाटत नाही. १३ जानेवारी १९६९ रोजी उपाहारगृहात लेनन व मॅकार्टनी हॅरिसनविषयी मोकळेपणी बोलत होते. चित्रपटवाल्यांनी फुलदाणीत ध्वनिग्राहक लपविला होता, हे त्या दोघांना ठाऊक नव्हते. ते संभाषण २०२१ च्या अधिकृत मालिकेत आहे. कायद्याने ते निर्दोष. परंतु तालमीतील गाण्याच्या चोरट्या फितीपेक्षा खासगीपणावरचा हा घाव मला अधिक खोल वाटतो. उलट, युरोपात हक्काची मुदत वाढविताना पन्नास वर्षांत प्रसिद्ध न केलेल्या ध्वनिमुद्रणांना संरक्षण मिळणार नाही असे ठरले, तेव्हा २०१३ च्या डिसेंबरात बीटल्सच्याच कंपनीने १९६३ ची ५९ ध्वनिमुद्रणे 'बूटलेग रेकॉर्डिंग्ज' याच नावाने विक्रीस काढली. कालची चोरी आज माल झाली!

मुंबईचाही या कथेत एक सुखद धागा आहे. १९६८ च्या जानेवारीत हॅरिसनने येथील एचएमव्ही स्टुडिओत 'वंडरवॉल' चित्रपटासाठी ध्वनिमुद्रण केले. आशिष खाँ, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांसारखे वादक त्या कामात होते. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याची वाद्यसंगतही नोंदली गेली. तिचा एक निराळा टेक २०१४ साली अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. त्यात कोणाचाही अवमान नाही, फक्त काम चाललेले ऐकू येते. टाकलेले सूर जगापुढे आणावयाचे तर ते असे आणावेत.

माझ्या अल्पमतीप्रमाणे यातून अभ्यासकाने तीन नियम पाळावेत. एक, तुकडा नव्हे तर शक्य तितका सलग पाठ ऐकावा. दोन, कामाचा आवाज ऐकावा, पण भिंतीला कान लावून घरगुती भांडण ऐकण्याचा मोह आवरावा. तीन, कलावंताने पसंत केलेला पाठच त्याचा शब्द मानावा. बाकी सारे त्या शब्दाकडे जाणारी पायवाट. हीच शिस्त कवीची खोडलेली ओळ वाचतानाही लागते. यंदा मराठीच्या वर्गात पाठभेदांचा तास येईल, तेव्हा माझ्या मित्रांनी तो चुकवू नये, एवढीच विनंती.